उपरण्याखालचा हात

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान नाथाजी, जनावरांच्या बाजारातले दलाल. दलाल म्हटलं की लोक आधी आपला खिसा चाचपतात. चाचपोत बापडे. पण आटपाडीपासून पुसेगावपर्यंत कुठल्याही बाजारात उभं राहून "नाथाजी कसा माणूस?" असं विचारलं असतं, तर विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकच उत्तर दिलं असतं, "त्येचा हात सच्चा हाय." दोन्ही बाजूंनी चांगलं म्हणवून घेणारा दलाल मी दुसरा पाहिलेला नाही. मी त्यांचा मेहुणा, त्यामुळं त्यांची थट्टा करणं हा माझा हक्कच. पण हे एक वाक्य मी कधी थट्टेवारी नेलं नाही.

हातच का, ते सांगायला हवं. आमच्याकडं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत आकडा फुटला की बाजार बिघडतो. म्हणून विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेतात, वरून उपरणं टाकतात आणि पुढचं सगळं बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. नुसतं पेर दाबलं तर अर्धा. वरचा मोठा आकडा, दहा की वीस, तो बैल बघूनच दोघांना कळलेला असतो. मग दलाल तेच उपरणं घेऊन घेणाऱ्याकडं जातो, त्याच्या हातात आकडा देतो, त्याचा आकडा घेऊन परत येतो. अशा येरझारा घालता घालता कुठंतरी दोघं एका आकड्यावर येतात. दलाल मोठ्यानं हाळी देतो, बैलाच्या पाठीवर गुलाल पडतो, विसार दिला जातो. एकदा गुलाल पडला की सौदा मोडत नाही. देव खाली उतरला तरी मोडत नाही.

सगळी मदार त्या न दिसणाऱ्या हातावर. आणि हे हात हळुवार नसतात बरं का. ज्याला आपला आकडा सोडायचा नसतो तो बोटं अशी पिळतो, की नवख्याच्या डोळ्यांत पाणी यावं. दाजी हसत पिळून घ्यायचे आणि हसतच पिळायचे.

त्या हाताला पंच्याण्णव सालच्या बेंदरात दृष्ट लागली.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, घरच्या बैलांची शिंगं दाजीच रंगवायचे. दुसऱ्या कुणाला ब्रशला हात लावू देत नसत. त्या सकाळी शिंगाच्या टोकाशी ब्रश नेला आणि तो बोटांतून गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. मी म्हटलं, "दाजी, आज सणाची सकाळीच घेतली जणू?" एरवी अशा बोलण्यावर त्यांनी मला बैलाच्या शेपटाशी बांधला असता. त्या दिवशी त्यांनी रंगाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बसले.

मग रोजच सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं भिजून वाळलेल्या कासऱ्यासारखी ताठ. तासभर ना मूठ वळायची, ना सदऱ्याचं बटण लागायचं. दिवस वर आला की थोडी सैल पडायची. आधी बोटांची मुळं सुजली, मग मनगटं, मग पायाचे चवडे. पाय खाली टेकवताना खड्यांवरून चालल्यासारखं वाटायचं म्हणे. पण हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा ते पहाटे उठून गोठ्यात जायचे आणि बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या उबदार पोळीत दोन्ही हात घालून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, जनावरावर किती माया! माया होतीच, पण निम्मी ऊब होती.

माझ्या आक्काला कोण फसवणार? दाजी तिला सदऱ्याची बटणं लावायला सांगायला लागले.

"तुझ्या हातानं बटान कसं ब्येस बसतंय," ते म्हणाले.

"एवढी वर्सं नांदतीया, ते आजच दिसलं व्हय?" आक्का म्हणाली आणि तिनं त्यांचे हात उलटे करून पाहिले. मग निरगुडीचा पाला झाला, लसणाचं तेल झालं, कुणी सांगितलेला कसलासा लेप झाला. दसरा झाला आणि आक्कानं एक दिवस मला सांगितलं, "कृष्णात, उद्याच्या येष्टीनं मिरजंला जायाचं. ह्यास्नी इचारू नगंस." आमच्या चंद्राआक्कानं असं सांगितलं की विचारायचं नसतंच.

मिरजेला डॉक्टरीणबाई होत्या, वयानं तरुण. दाजींचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी, सगळा पंजा एकदम दाबला. दाजींच्या तोंडून "आयाय" निघालं. पण लगेच सावरून म्हणाले, "बाई, पंजा म्हंजी पाच झालं. बैल कंचा?"

त्या आमच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. मी सगळी रीत समजावून सांगितली तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग त्यांनी दुसरा हात दाबला, आणि पुन्हा "आयाय" झालं. रक्त काढलं, फोटो काढले, आठवड्यानं परत बोलावलं. दुसऱ्या खेपेला मात्र त्या हसल्या नाहीत.

"ही म्हातारपणाची सांधेदुखी नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते ना, तीच उलटून आपल्या सांध्यांवर चाल करून येते."

"म्हंजी राखणीचं कुत्रंच घरच्यास्नी चावतंय," दाजी म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग त्येला मारून टाकायचं?"

"मारता येत नाही. बांधून ठेवायचं. आयुष्यभर." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच, एकाच ठरलेल्या वारी. चुकूनही रोज नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं. दारूचा थेंब नाही. गुण यायला दीड-दोन महिने लागतील. थंडीत पहाटे उघड्यावर उभं राहायचं नाही आणि हातांवर ताण येईल असं काम शक्य तर बदलायचं.

वार कुठला धरायचा, यावर आक्कानं एका क्षणात निकाल दिला. "सोमवार. सोमवारी बैल जुपत न्हाईत. बैलाला सुट्टी, तवा ह्यास्नीबी सुट्टी."

दाजींनी एकच प्रश्न विचारला. "बाई, मूठ वळंल का?"

"लवकर आलात ते बरं झालं. बरीचशी वळेल. पूर्ण वळेल, असं मी सांगणार नाही."

दाजी उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमचाबी हात सच्चा हाय." त्या बाईंना त्याचं मोल किती कळलं कोण जाणे. मला कळलं.

परतीच्या एसटीत त्यांनी मला बजावलं, "हे बाजारात बोलायचं न्हाई. बाजारात बैलाचं दात बगत्यात, तसं दलालाचंबी बगत्यात. हात गेला म्हनलं की माझ्या उपरन्याखाली कोन हात घालंल?" काम बदलायचं तर त्यांनी मनावरच घेतलं नाही. बदलून करणार काय? वयाच्या अठराव्या वर्षापासून माणसानं दुसरं काही केलेलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते त्यांचं नुसतं काम नव्हतं. बाजारात त्यांची छाती दोन बोटं रुंद व्हायची.

त्यानंतरचे दोन महिने मी जे पाहिलं, ते सांगताना आजही मला त्या माणसाचा हेवा वाटतो. आक्का अंधारातच कोमट पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवायची आणि दाजी त्यात हात बुडवून बोटं एकेक करून मळायचे. तोंडानं ओव्या नाहीत, कण्हणं नाही, फक्त मला शिव्या, की पाणी पुरेसं ऊन का नाही म्हणून. घमेलं आक्कानं आणलेलं असायचं, पण शिव्या मलाच. बाजारात पोचलो की चहावाल्याकडून गरम चहाचा ग्लास घ्यायचे आणि प्यायचेच नाहीत, दोन्ही तळव्यांत धरून उभे राहायचे. बैलाचे दात बघताना पूर्वी बोटांनी जबडा उघडायचे, आता मनगटानं ओठ वर सारायचे. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी लकब. एकदोन पोरगे दलाल तसंच करायलाही लागले.

उपरण्याखाली मात्र सुटका नव्हती. समोरचा बोटं पिळायचा आणि दाजी हसायचे, पहिल्यासारखंच. पण मी त्यांच्या चपलेत बघायला शिकलो होतो. तोंड हसत असायचं आणि पायाची बोटं चपलेच्या चामड्यात रुतत असायची. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं सोडूनच दिलं.

सोमवारी गोळी घेतली की मळमळ व्हायची, अंगात त्राण नसायचं. मग ते गोठ्यातच सावलीला पोतं टाकून पडायचे. आक्का वैरण टाकायला जायची आणि म्हणायची, "आज तीन बैल बसल्यात. तिसऱ्याला पेंड चालत न्हाई, त्येला भात करते."

मार्गशीर्षात पुसेगावची यात्रा आली. सेवागिरी महाराजांची यात्रा म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. औषधाचा गुण यायला नुकती कुठं सुरुवात झाली होती आणि त्या वर्षी थंडी अशी, की बैलांच्या नाकातून निघणारी वाफ बघूनच हुडहुडी भरावी. आक्का "नगा जाऊ" म्हणाली नाही. तिनं लोकरीचे हातमोजे दिले. दाजींनी ते बैलगाडीत ठेवले. मोजे घालून कुणी सौदा करतं का?

वडूजकडचे आप्पासो आपली खिल्लार जोडी घेऊन आले होते. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, हाताला किंचित कंप, पण बैल असे की बघणारा दोनदा वळून बघेल. दोन्ही घरच्याच गाईची, वासरं होती तेव्हापासून स्वतः वाढवलेली. आता शेत कसणारं कुणी नव्हतं म्हणून विकायला काढलेली. घेणारे होते जतकडचे तात्याबा, थोराड हाडाचे, पंजा पोळपाटाएवढा. विसाच्या वरचं बोलणं आहे हे दोघांनाही कळत होतं. किती वर, एवढाच प्रश्न.

दाजींच्या येरझारा सुरू झाल्या. आप्पासोंनी उपरण्याखाली सगळा पंजा धरला. विसावर पाच. तात्याबा तीनवर अडले होते. दाजी परत गेले, बोलले, हसले, बैल चालवून दाखवले, परत आले. आप्पासो पाचावरून हलेनात. शेवटी दाजींनी तात्याबांच्या हातावर उपरणं टाकलं, आत आकडा दिला आणि तात्याबा म्हणाले, "दिलं!" दाजींनी हाळी दिली. मी गुलाल उधळला. दोन्ही बैलांच्या पांढऱ्या पाठी लाल झाल्या.

मग तात्याबांनी आप्पासोंच्या पुढ्यात पैसे ठेवले आणि एक हजार कमी निघाले.

"विसावर पाच ठरलंय," आप्पासो म्हणाले.

"माझ्या हातात चार दिलंय," तात्याबा म्हणाले. "पाचाला म्या घेतलीच नसती."

आवाज चढले तशी माणसं गोळा झाली. आणि मागून कुणीतरी म्हणालं ते मी ऐकलं, "नाथाजीनं घेनाऱ्याकडनं आतनं खाल्लं वाटतं." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी वळलो, पण दाजींनी कोपरानं मला मागं सारलं. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते, तो अजून उपरण्याखालीच होता.

तेवढ्यात एका जुन्या दलालानं, बहुधा दाजींच्या भल्यासाठीच, वाट काढून दिली. म्हणाला, "अवं, म्हाताऱ्याचा हात कापतोय. त्येंनीच चार धरली आसतील. नाथाजीचा हात कवा चुकलाय?"

सगळ्यांना ते पटलं. पटकन पटलं. माना हलल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते आप्पासोंनाही पटलं. म्हातारा आपला हात तोंडापुढं धरून बघायला लागला. बोटं थरथरत होती. "म्या पाचच धरली हुती," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "न्हाई गड्या, आसंल. आता ऱ्हात न्हाई माझ्या ध्यानात. चुकला आसंल माझाच हात."

झालं होतं. दाजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. नाव राहिलं असतं, धंदा राहिला असता, दुखणं झाकलेलं राहिलं असतं. मी मनात म्हणत होतो, दाजी, गप्प बसा. देवाशप्पथ गप्प बसा.

दाजींनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं आणि उजवा हात वर केला. सगळ्यांना दिसेल इतका वर. बोटांची मुळं सुजून चकाकत होती.

"आप्पासो, हात खाली घ्या तुमचा," ते म्हणाले. "त्यो चुकला न्हाई. तुमी पाच धरली, म्या पाच घेतली. चुकला ह्यो." त्यांनी मूठ आवळायला सुरुवात केली. बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली. कपाळावर शीर उठली तरी पुढं गेली नाहीत. "एवढीच वळती. तात्याबाचा पंजा मोठा. म्या आवळला, पर त्येंचा अंगठा भाईर ऱ्हायला. का हो तात्याबा?"

तात्याबांनी आठवून पाहिलं. "व्हय. अंगठा मोकळा हुता."

"आमवात हाय. मिरजंचं आवशीद चालू हाय. बेंदरापास्नं हाय, म्या लपवलं." एवढं बोलून त्यांनी कमरेचा पैशांचा कसा सोडायला घेतला. त्याची गाठ त्यांना सुटेना. मी पुढं झालो तर माझ्यावर डोळे वटारले. शेवटी दातांनी सोडली आणि कमी पडलेले हजार आप्पासोंच्या पुढ्यात ठेवले.

आप्पासोंनी ते मोजून घेतले. राहू दे, असू दे, असलं काही म्हणाले नाहीत. हे त्यांनी फार चांगलं केलं. दाजींना दया दाखवली असती तर ते तिथंच खचले असते.

माणसं पांगली. कुणी वाहवा केली नाही, नाव ठेवलं नाही. पण यात्रा संपेपर्यंत दाजींना दुसऱ्या कुणी बोलावलंही नाही. ओळखीचे शेतकरी लांबून रामराम घालायचे आणि बाजूच्या दलालाकडं वळायचे. त्यांचं तरी काय चुकलं? वर्षभर राबून वाढवलेलं जनावर न वळणाऱ्या मुठीत कोण देईल?

परत येताना गाडीत मी धुमसत होतो. न राहवून म्हटलंच, "दाजी, म्हाताऱ्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलं हुतं."

"म्हनूनच," दाजी म्हणाले.

"म्हंजी?"

"त्येनं आपल्या हातावरचा इस्वास सोडला हुता, कृष्णात. डोळ्यांदेखत सोडला माझ्या. ह्या वयात त्यो त्येला कुठनं परत मिळनार हुता? मला गोळी तरी हाय." आणि मग त्यांनी आक्काचे ते लोकरीचे मोजे मला घालून द्यायला सांगितले. मी घातले. माझ्या दाजींइतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती कधी झाली नाही.

घरी आक्कानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. उपरण्यावरचा गुलाल धुऊन काढला, ते वाळत घातलं आणि म्हणाली, "हात धरल्याबगार आकडा कळतच न्हाई व्हय?"



दुसऱ्या दिवसापासून घरात नवीनच बाजार सुरू झाला. आक्का दाजींच्या पुढ्यात बसायची, मनगटाच्या वर, जिथं सूज नव्हती तिथं, उपरण्याखालून आपली बोटं ठेवायची. धरायची नाहीत, दाबायची नाहीत, नुसती ठेवायची. दाजींनी आकडा सांगायचा. मग दाजींनी तिच्या हातावर ठेवायची आणि तिनं सांगायचा. पहिल्या दिवशी तीन आणि चार यांत घोळ झाला. मग ठरलं, सगळी एकदम ठेवायची नाहीत, एकेक करून टेकवायची, म्हणजे मोजता येतात. अर्ध्यासाठी नखाचा नुसता स्पर्श.

मी एकदा दारातूनच विचारलं, "आक्का, कशाचा सौदा चाललाय?"

"ह्यास्नी इकायला काढलंय," ती म्हणाली. "गिऱ्हाईक दोनच्या वर चढंना."

दाजी मोठ्यानं हसले. बेंदरापासून पहिल्यांदाच तसं हसले. हातांची सूज हळूहळू उतरत होती, डॉक्टरीणबाईंनी रक्त बघून मान डोलावली होती. मूठ पूर्ण वळत नव्हती आणि ती वळणार नाही हे आता दाजींनीही मनाशी धरलं होतं. पण बटण लागायला लागलं होतं. तरी आक्काकडूनच लावून घ्यायचे, ती गोष्ट वेगळी.

पौषात खरसुंडीची यात्रा. सिद्धनाथाच्या पायाशी जिकडं बघावं तिकडं खिल्लार बैल. दाजी आपलं धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून नेहमीच्या लिंबाखाली उभे राहिले. मी शेजारी. सकाळ गेली. लोक बैल घेऊन पुढून जात होते. पुसेगावची गोष्ट आमच्या आधी येऊन पोचली होती, हे त्यांच्या चालीवरूनच कळत होतं. दुपार झाली. मी म्हटलं, "दाजी, बसा तरी." ते बसले नाहीत. त्यांच्या पायाची बोटं मला चपलेत आवळलेली दिसत होती, पण त्या दिवशी ती दुखण्यानं आवळलेली नव्हती.

ऊन कलताना गर्दीतून आप्पासो आले. मागं दाव्याला एक तांबूस झाक असलेला खोंड, त्या विकलेल्या जोडीचाच धाकटा भाऊ. गोठ्यातलं शेवटचं जनावर. दोन चांगले दलाल त्यांच्या मागून "आप्पासो, आवं आप्पासो" करत येत होते. म्हातारा त्यांच्याकडं वळलाही नाही. येऊन दाजींच्या पुढं उभा राहिला.

"नाथाजी, उपरनं हाय का टाकलं इकून?"

"हाय की."

"मग काढ."

दाजी म्हणाले, "आप्पासो, आता हात धरायचा न्हाई. मनगटाच्या वर बोटं टेकवायची, एकेक. मला तेवढंच झेपतंय. तुमाला चालत नसंल तर ह्ये बाकीचं दलाल हायती."

मागून आलेले दोघं दलालही बघत उभे होते. आप्पासोंनी दाजींच्या खांद्यावरचं उपरणं स्वतःच ओढून घेतलं, दाजींच्या हातावर पसरलं आणि त्याखाली आपला हात घातला.

मला उपरण्याखालचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की कापड जरासं थरथरतंय, एकदा, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. म्हातारा प्रत्येक बोट अशा जपणुकीनं टेकवत होता, की जणू खाली नुकतं जन्मलेलं वासरू होतं. दाजींनी डोळे मिटून घेतले होते.

आप्पासोंनी विचारलं, "पोचली का समदी?"

"पोचली," दाजी म्हणाले.

त्यांनी उपरणं उचललं, डोळे पुसले त्यानंच, आणि घेणारा शोधायला वळले. लिंबाच्या पलीकडं जतचे तात्याबा कधीचे येऊन उभे होते. त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारून ठेवली होती.